छत्री उघडल्यानंतरचा धोका

ऑस्ट्रियाचे विख्यात साहसवीर फेलिक्स बाउमगार्टनर १७ जुलै २०२५ रोजी इटलीतील पोर्तो सांत एल्पिदिओ या समुद्रकाठच्या गावी मोटर बसविलेल्या पॅराग्लायडरवरून विहार करीत असताना कोसळले आणि मरण पावले. त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. याच गृहस्थांनी १४ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या आकाशात सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी घेतली होती, पडता पडता ध्वनीचा वेग ओलांडला होता आणि अखेर हवाई छत्रीच्या आधाराने ते स्वतःच्या पायांवर जमिनीवर उतरले होते. अंतराळाच्या उंबरठ्यावरून सुखरूप परतलेल्या माणसाला एका साध्या विहाराने गाठावे, याला दैवदुर्विलास म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु दैवाचे नाव एकदा घेतले की पुढचा विचार करण्याचे कोणास कारण उरत नाही, आणि हवाई छत्रीच्या खेळात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

इटलीतील अपघाताच्या कारणांविषयी येथे तर्क लढविण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घेण्याजोगी आहे ती २०१२ च्या उडीपूर्वीची एक घटना. ही उडी वस्तुतः ९ ऑक्टोबरलाच व्हावयाची होती. फुगा भरण्यास प्रारंभ झाला होता, बाउमगार्टनर पोशाख चढवून कुपीत बसले होते, जगभरचे कॅमेरे रोखलेले होते. आणि अशा वेळी वाऱ्याचा जोर वाढल्याने तो बेत रद्द करण्यात आला. पाच दिवसांनी झालेली उडी सर्वांना ठाऊक आहे. न झालेली उडी फारशी कोणाच्या स्मरणात नाही. वास्तविक त्या मोहिमेतील शहाणपणाचा पुरावा हवाच असेल, तर तो ९ तारखेच्या त्या नकारात शोधावा लागेल.

त्या मोहिमेत जमिनीवरून बाउमगार्टनर यांच्याशी बोलत होते ते अमेरिकी हवाई दलाचे निवृत्त कर्नल जोसेफ किटिंजर. १६ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी स्वतः १,०२,८०० फुटांवरून उडी घेतली होती आणि त्या उंचीचा विक्रम अर्धशतकाहून अधिक काळ अबाधित राहिला होता. फुग्यातून वर चढत असताना त्यांच्या उजव्या हातमोज्यात हवेचा दाब राहीनासा झाला आणि हात सुजू लागला. ही गोष्ट त्यांनी खालच्या सहकाऱ्यांना तत्काळ कळविली नाही. कारण कळविली असती तर मोहीम थांबविण्याचा हुकूम सुटला असता. उडी यशस्वी झाली, हातही पुढे पूर्ववत झाला आणि ही लपवाछपवी शौर्यकथेचा एक भाग होऊन बसली. तीच उडी फसली असती, तर याच मौनाला जगाने आततायीपणा म्हटले असते. निर्णय तोच, त्या वेळची माहितीही तीच. बदलला असता तो केवळ शेवट. परीक्षेत नेमका पाठ केलेलाच प्रश्न आला आणि विद्यार्थ्याला चांगले गुण मिळाले, म्हणून त्याचा अभ्यास उत्तम झाला होता, असे कोणताही जाणता शिक्षक म्हणणार नाही. साहसाच्या क्षेत्रात मात्र आपण सर्रास असेच गुण देत असतो.

सर्वसामान्य माणसाच्या मनात या खेळाविषयी एकच भीती असते: छत्री उघडली नाही तर? एके काळी ही भीती अगदी रास्त होती. पॅरिसमधील फ्रान्झ रायशेल्ट नावाच्या शिंप्याने ४ फेब्रुवारी १९१२ रोजी आपण शिवलेला छत्रीचा कोट अंगावर चढवून आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून उडी टाकली आणि सुमारे ५७ मीटर खाली तो गतप्राण झाला. पोलिसांनी परवानगी दिली होती ती पुतळ्यावर प्रयोग करण्याची. जवळच्यांनी परावृत्त करण्याचा प्रयत्न करूनही त्याने पुतळ्याऐवजी स्वतःला पणास लावले. रायशेल्टच्या बाबतीत साधन आणि विवेक दोन्ही एकदम फसले. त्यानंतरच्या शतकात साधनाची प्रगती अशी झाली की तिची तुलना दुसऱ्या कोणत्याही खेळाशी करणे कठीण. दुसऱ्या गोष्टीविषयी तसे ठामपणे म्हणता येत नाही, आणि खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

यंत्राने दिले ते माणसाने खर्चले

जुनी गोल छत्री पतन मंद करीत असे, इतकेच. वारा नेईल तिकडे जावयाचे आणि मिळेल तेथे आदळावयाचे. १९६४ मध्ये डॉमिना जॅलबर्ट यांनी वाऱ्याने फुगून पंखाचा आकार घेणाऱ्या, कप्प्याकप्प्यांच्या छत्रीसाठी पेटंटचा अर्ज केला, आणि पुढे पडण्याचे साधन हे उडण्याचे साधन बनले. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या बिल बूथ यांनी तीन कड्यांची एक साधी जुळणी शोधून काढली. तीमुळे बिघडलेली मुख्य छत्री एका हिसक्यासरशी अंगावेगळी करून राखीव छत्री उघडणे शक्य झाले. १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचे ‘सायप्रेस’ हे यंत्र बाजारात आले. उडी घेणारा बेशुद्ध पडला, गोंधळला वा उंचीचे भान विसरला, आणि जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर तो अजूनही सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडतो आहे असे आढळले, तर हे यंत्र राखीव छत्रीच्या पिशवीचा बंद आपण होऊन कापते. माणूस चुकला तरी छत्री चुकू नये, अशी ही सोय.

या सोयीने असंख्य प्राण वाचले, यात संशय नाही. वेळेवर छत्री न उघडल्यामुळे होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तथापि त्याच सुमारास मरणाचा एक निराळाच प्रकार वाढीस लागला. छत्री पूर्ण उघडलेली, कोठे फाटलेली नाही, दोर गुंतलेले नाहीत, हवा स्वच्छ. आणि तिच्याखाली लटकणारा माणूस, बहुधा शेकडो उड्यांचा अनुभवी, जमिनीवर आदळून मेलेला. हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. छत्रीचा आकार जितका लहान, तितकी ती वेगवान आणि तल्लख. जमिनीजवळ आल्यावर तिला एका बाजूस जोराने वळविले की ती सूर मारते, वेग कमालीचा वाढतो. आणि अगदी शेवटच्या क्षणी तिला सरळ केले, तर उतरणारा माणूस गवताला पाय लावीत दूरवर घसरत जातो. पाहणाऱ्यांचे डोळे दिपून जातात. हेच वळण अर्धा सेकंद उशिरा घेतले, किंवा उंचीचा अंदाज थोडा चुकला, की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. कित्येकांचा प्राण तर अशा हौशी वळणाने न जाता, समोर अचानक दुसरा माणूस वा कुंपण दिसल्याने घाबरून घेतलेल्या वळणाने गेला आहे. दोर ओढणारा हात त्यांचा स्वतःचाच होता.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात फारसे नवल वाटावयास नको. शिकागो विद्यापीठाचे सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील मोटारींच्या सुरक्षा-नियमांवर एक निबंध लिहून खळबळ उडवून दिली होती. पट्टे व अन्य साधने सक्तीची झाल्यावर गाडीतील माणसे कमी दगावली. परंतु सुरक्षित झालेले चालक अधिक बेदरकार झाल्याने रस्त्यावरची माणसे अधिक दगावली, आणि एकूण हिशेब जवळजवळ जेथल्या तेथे राहिला, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ च्या आपल्या लेखात याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते माणूस जोखमीची एक ठरावीक पातळी मनाशी धरून चालतो. बाहेरून सुरक्षितता वाढली की तो वागणुकीने ती तेवढीच कमी करून घेतो. तीन कड्यांचे जनक बूथ यांच्या नावावर तर या खेळात एक नियमच रूढ आहे. साधने जसजशी सुरक्षित होतील, तसतसे लोक अधिक धाडस करून मृत्यूचे प्रमाण होते तेथेच आणून ठेवतील, असा त्याचा आशय. स्वतः शोध लावणाऱ्यानेच आपल्या शोधाविषयी इतके निराश असावे, ही गोष्ट बोलकी आहे.

मध्यमवर्गीय घरात या सिद्धान्ताची प्रचीती दर वेतन आयोगानंतर येते. पगार वाढला की शिल्लक वाढेल असे सर्वजण धरून चालतात. प्रत्यक्षात वाढतो तो खर्च. सुरक्षितता हेही एक प्रकारचे उत्पन्नच होय. ते हाती आले की माणूस ते साठवीत नाही. त्यातून वेग घेतो, थरार घेतला जातो, क्वचित चारचौघांची वाहवाही विकत घेतली जाते.

मात्र हा सिद्धान्त कितीही आकर्षक असला तरी तो संपूर्ण सत्य मानण्याची घाई करू नये. वेतनवाढीनंतर खर्च वाढतो हे खरे, पण सगळी वाढ खर्चात जाते असे नाही. पेल्ट्झमन यांच्यानंतरच्या संशोधकांनाही मोटारींच्या बाबतीत बहुधा असेच आढळून आले आहे. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन या अमेरिकेतील संघटनेच्या नोंदींप्रमाणे १९७० च्या दशकात तेथे या खेळात वर्षाला सरासरी ४० हून अधिक माणसे दगावत. २०२१ मध्ये सुमारे ३५ लाख ७० हजार उड्यांमध्ये १० माणसे दगावली. बूथ यांचा नियम शब्दशः खरा असता तर हे घडलेच नसते. आता यापुढील वर्ष पाहा. २०२२ मध्ये सुमारे ३९ लाख उड्यांमध्ये २० माणसे मेली. एका वर्षात मृत्यू दुप्पट झाले, असा मथळा कोणीही देऊ शकला असता, आणि तो खोटाही ठरला नसता. २०२३ मध्ये हा आकडा पुन्हा १० वर आला आणि २०२४ मध्ये ९ वर. तेव्हा मधल्या वर्षी माणसे एकाएकी मूर्ख झाली होती आणि पुढल्या वर्षी शहाणी झाली, असे समजण्याचे कारण नाही. लहान आकड्यांचा हा स्वभावच आहे. ते एका वर्षावरून वाचावयाचे नसतात. दशकांवरून वाचावयाचे असतात.

याच आकड्यांत आणखी एक मेख आहे. २०२१ चा हिशेब मांडला तर साडेतीन लाखांहून अधिक उड्यांमागे एक मृत्यू पडतो. सहलीला जाऊन आयुष्यात एकदाच उडी घेणाऱ्या माणसाला हा आकडा दिलासा देणारा आहे. पण वर्षाला २०० उड्या घेणाऱ्या छांदिष्टाने तो स्वतःला लावून पाहिला तर वर्षभरात सुमारे १,८०० त एक असे उत्तर येईल, आणि दहा वर्षे हा छंद चालविला तर ते पुष्कळच गंभीर होईल. शिवाय ही झाली सरासरी. जमिनीजवळ सूर मारणारा आणि मोठ्या छत्रीखाली शांतपणे उतरणारा, दोघेही त्या एकाच सरासरीत बसविलेले असतात. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे हे ऐकून जो पात्रात उतरतो, त्याच्यावर काय ओढवेल हे संख्याशास्त्र न शिकलेला माणूसही सांगेल. ‘हा खेळ किती धोक्याचा आहे?’ हा प्रश्नच त्यामुळे काहीसा अपुरा ठरतो. कोणासाठी, कोणत्या छत्रीखाली, कोणत्या वाऱ्यात, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

निर्णय जमिनीवरच

मग गेल्या पन्नास वर्षांत मृत्यू घटले ते कशामुळे? केवळ यंत्रांमुळे म्हणावे तर यंत्रांनी दिलेले बरेचसे माणसाने खर्चून टाकले, हे आताच पाहिले. उरलेले श्रेय द्यावे लागते ते या खेळाने स्वतःला घालून घेतलेल्या शिस्तीला. ही शिस्त बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण ती माणसाच्या धैर्यावर विसंबत नाही. उलट ऐन वेळी त्याची बुद्धी चालणार नाही, हे गृहीत धरूनच ती आखलेली आहे.

विमानातून सामान्यतः १३,००० फुटांच्या आसपास उडी घेतली जाते. त्यानंतर सुमारे एक मिनिटभर माणूस ताशी १९० किलोमीटरच्या घरातील वेगाने मोकळा पडत असतो. या वेगाने हजार फूट पार होण्यास साडेपाच-सहा सेकंद पुरतात. म्हणजे २,५०० फुटांवर ज्याच्या डोक्यावर छत्री नाही, त्याच्या हाती १४-१५ सेकंद उरतात. छत्री अजिबात उघडली नाही तर एका अर्थी प्रश्न सोपा असतो. कठीण असते ती अर्धवट उघडलेली छत्री. एखादा दोर अडकला आहे, एक कोपरा दुमडला आहे, ती गोल फिरते आहे. आणखी एकदा ओढून पाहिले तर कदाचित सुटेलही. हे ‘आणखी एकदा’ फार घातक असते. प्रत्येक प्रयत्नाला दोन-तीन सेकंद आणि त्या सेकंदांसोबत शेकडो फूट जात असतात, आणि इतके प्रयत्न केल्यावर आता ती टाकून देणे जिवावर येते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. तिकिटाचे पैसे भरले आहेत म्हणून कंटाळवाणा चित्रपट शेवटपर्यंत पाहणारा प्रेक्षक आणि बिघडलेल्या छत्रीशी झगडत राहणारा उडीवीर यांची चूक एकाच जातीची आहे. पहिल्याचे तीन तास जातात, इतकाच फरक.

या मोहावर अमेरिकेत शिकविला जाणारा उपाय म्हणजे ‘निर्णयाची उंची’. नवशिक्याने २,५०० फुटांपर्यंत आणि अनुभवी माणसाने १,८०० फुटांपर्यंत निकाल लावावयाचा: डोक्यावरची छत्री सुस्थितीत व ताब्यात आहे की नाही? नसेल तर ती सोडून राखीव उघडावयाची. आणि १,००० फुटांच्या खाली आल्यावर मुख्य छत्री सोडण्याचा विचारही करावयाचा नाही, कारण राखीव छत्रीला उघडण्यास पुरेशी उंची उरलेली नसते. यात वाद नाही, मनधरणी नाही, ‘आणखी एकदा’ नाही. निर्णय वास्तविक सकाळी जमिनीवर, चहा घेताना झालेला असतो. आकाशात होते ती केवळ त्याची अंमलबजावणी. २००५ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी थॉमस शेलिंग यांनी, मनुष्य आपल्याच भावी दुबळेपणाविरुद्ध आधीच कसे करार करून ठेवतो, याचे मोठे मार्मिक विवेचन केले आहे. त्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

याउलट जेथे नियम संपतो आणि केवळ विवेकावर सोपविलेले असते, तेथे काय होते तेही पाहावे. त्याच संघटनेच्या नियमांत एकट्याने उडी घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैलांची आहे. परवानाधारकाला अशी मर्यादा नाही. आणि २५ उड्यांनंतर पहिला परवाना मिळू शकतो. म्हणजे चोविसाव्या उडीला ज्याला नियमाने जमिनीवर बसविले असते, त्याला काही दिवसांनी त्याच वाऱ्यात जावे की न जावे हे स्वतः ठरवावयाचे असते. परवाना मिळाल्याने वारा कमी होत नाही. पण विमान तयार असते, भाडे भरलेले असते, सोबती चढू लागलेले असतात. अशा वेळी ‘आज मी येत नाही’ म्हणणे, किंवा वर गेल्यावर विमानातच बसून खाली परतणे, याला उडीपेक्षा अधिक धैर्य लागते, असे या क्षेत्रातील जुनी माणसे सांगतात ते उगीच नव्हे. लोकलज्जा ही मृत्यूच्या कारणांच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

अनुभव वाढला की विवेक वाढतो, ही समजूतही पारखून घेतली पाहिजे. एप्रिल १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रकार दुसऱ्याच्या उडीचे चित्रण करण्यासाठी विमानाबाहेर पडला. त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याचे अवजड सामान होते, छत्री नव्हती. ती तो विसरला होता. नवशिक्याकडून असे होऊच शकले नसते. त्याला भीती असते, त्याचे पट्टे प्रशिक्षक दोनदा ओढून पाहतो. अनुभवी माणसाच्या पाठीकडे कोण पाहणार? सवयीने त्याला निर्धास्त केले आणि त्याच्या लौकिकाने इतरांना. म्हणूनच विमानात चढण्यापूर्वी आणि उडीच्या ऐन आधी एकमेकांचे बंद तपासण्याचा जो प्रघात आहे, त्यातून पाच हजार उड्यांचा मानकरीही सुटता कामा नये.

शिस्तीचा आणखी एक भाग दिसावयास सामान्य, पण परिणामाने मोठा आहे. राखीव छत्री परवानाधारक कारागिराने उघडून, तपासून पुन्हा भरलीच पाहिजे, आणि हे काम दर १८० दिवसांत एकदा झालेच पाहिजे, असा अमेरिकी कायदा आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्राणांतिक अपघातांची हकीकत, मृताचे नाव वगळून, संघटनेच्या मासिकात प्रसिद्ध होते: उड्या किती झालेल्या होत्या, छत्री कोणत्या आकाराची होती, वळण किती उंचीवर घेतले, काय चुकले असावे. दरवर्षी मोसमाच्या आरंभी एक दिवस सर्वांनी एकत्र बसून या हकीकती वाचावयाच्या व त्यांवर चर्चा करावयाची, असा रिवाज आहे. एकाच्या मरणाची किंमत एकदाच मोजली जावी, तीच पुन्हा दुसऱ्याने मोजू नये, ही त्यामागील दृष्टी.

विकत घेतलेला विवेक

भारतात हवाई छत्रीची परंपरा मुख्यतः लष्करी आहे. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेतून छत्रीधारी सैनिकांच्या पिढ्या बाहेर पडल्या. हवाई दलाचे ‘आकाशगंगा’ पथक १९८७ मध्ये स्थापन झाले. रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचल थॉमस यांनी १९७९ मध्ये आग्र्यालाच उडी घेऊन नागरी महिलांसाठी ही वाट मोकळी केली. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी, पूर्वी एकही उडी घेतलेली नसताना, थेट उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून पहिली उडी घेतली. त्यांनी पुढे शेकडो उड्या घेऊन, दक्षिण ध्रुवही गाठून आपली योग्यता सिद्ध केली, आणि पद्मश्रीचा सन्मान त्यांना योग्यच मिळाला. परंतु महाविद्यालयातील मुलामुलींसमोर त्यांचा गौरव करताना पहिल्या उडीची कथा जितक्या चवीने सांगितली जाते, तितकी नंतरच्या वर्षांतील तालमीची सांगितली जात नाही. किटिंजर यांच्या हातमोज्याची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

आता या क्षेत्रात नवे पर्व सुरू झाले आहे ते पर्यटनाचे. हरियाणातील नारनौलसारख्या धावपट्टीवर प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून घेऊन उडी मारण्याची सोय झाली आहे. पॅराग्लायडिंगची ठिकाणे तर हिमाचलपासून मावळातील कामशेतपर्यंत पसरली आहेत. पॅराग्लायडर हे हवाई छत्रीचेच अपत्य होय. १९७८ मध्ये फ्रान्समधील म्यूसी या डोंगराळ गावी काही उडीवीरांनी विमानाचे भाडे वाचविण्यासाठी आयताकार छत्री घेऊन उतारावरून धावत उड्डाण केले, तेथून त्याचा प्रसार झाला. या सर्व प्रकारांत ग्राहक हा खेळाडू नसतो. खरे बोलावयाचे तर तो सामान असतो. त्याचे धैर्य, त्याची प्रकृती, त्याचे वाचन यांचा फारसा उपयोग नाही. वारा योग्य आहे की नाही, पट्टे आवळले आहेत की नाही, आज उडावे की नाही, हे सारे दुसरा ठरविणार. पैसे देऊन तो विकत घेतो ती उडी नव्हे, तर दुसऱ्याचा विवेक. आणि या मालाची पारख करण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, जेथे विकणाऱ्याला मालाचा दर्जा कळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेथे चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. साहसी पर्यटनाला हे तंतोतंत लागू पडते. जुनी छत्री बाद करणारा, वारा वाढताच काम बंद ठेवणारा, प्रशिक्षकाला पुरेशी विश्रांती देणारा व्यावसायिक महाग पडणार. त्याच्या शेजारी यांतले काहीच न करणारा स्वस्तात उडवून देणार. दोघांच्या फलकांवरील छायाचित्रे सारखीच, हसरे चेहरेही सारखेच. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरी येथील पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुण पर्यटक आणि तिला घेऊन उडणारा नेपाळी चालक, दोघेही मृत्युमुखी पडले. हा व्यवसाय परवान्याविना चालला होता, असे पोलिसांनी सांगितले. पैसे मोजताना त्या मुलीला हे कसे कळणार होते?

अशी घटना घडली की दोन सूर ठरलेले असतात. एक म्हणतो, हे सारे बंद करा. दुसरा म्हणतो, ज्याने त्याने आपला जीव आपल्या जबाबदारीवर सांभाळावा. हमीपत्रावर सही केली आहे ना? बंदीने हा व्यवसाय थांबणार नाही. तो अधिक आडवाटेच्या पठारावर जाईल, इतकेच. आणि हमीपत्राची गोष्ट अशी की, जी जोखीम समजलीच नाही ती पत्करली असे म्हणणे म्हणजे कोऱ्या धनादेशावरील सहीला करार म्हणण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद केली, हे चांगलेच झाले. परंतु नोंदणी सांगते ती एका दिवसाची स्थिती; कार्यालयात कागद दाखल झाले त्या दिवसाची. पुढे एखाद्या रविवारी दुपारी तीन वाजता वारा वाढू लागतो आणि रांगेत बारा माणसे उभी असतात, तेव्हा त्या कागदाचा काही उपयोग नसतो.

त्या क्षणी काय घडेल हे बरेचसे पैशाच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे, आणि या विषयावर आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. चालकाला वा प्रशिक्षकाला दर उड्डाणामागे उक्त्या दराने पैसे मिळत असतील, तर रद्द झालेले प्रत्येक उड्डाण त्याच्या खिशातून जाते. मालकाला घेतलेले शुल्क परत करावे लागणार असेल, तर प्रत्येक नकाराची त्याला झळ लागते. ग्राहक मुंबईहून दोन दिवसांची रजा काढून आलेला असतो, तोही ‘एवढ्या लांबून आलो, आता उडूनच जाऊ’ म्हणतो. म्हणजे ‘उडा’ म्हणणारे तिघे आणि ‘थांबा’ म्हणणारा कोणी नाही. यांत दुष्ट कोणीच नाही. तिघेही आपापला साधा हिशेब करीत आहेत. हिशेबाची मांडणीच अशी आहे की तिघांचेही उत्तर चुकावे. ती बदलावयाची तर चालकाला दिवसाचा ठरावीक पगार असला पाहिजे, हवामानामुळे रद्द झालेल्या उड्डाणाचे शुल्क बिनतक्रार परत मिळण्याची वा पुढील तारखेस चालण्याची अट नोंदणीतच घातली पाहिजे, आणि हा बोजा एकाच दिवशी एकट्या मालकावर पडू नये म्हणून सर्व नोंदणीकृत व्यावसायिकांच्या वर्गणीतून एखादा निधी उभारला पाहिजे. पाऊस पडला नाही तर शेतकऱ्याला विमा असावा हे आपण मान्य केले आहे. वारा सुटला म्हणून धंदा बंद ठेवणाऱ्यालाही तसे काही असावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. अमेरिकेतील मृत्यूंचे आकडे येथे लिहिता आले ते तेथील संघटना ते दरवर्षी छापते म्हणून. आपल्याकडे एखाद्या ठिकाणी वर्षभरात किती उड्डाणे झाली, किती जायबंदी झाले आणि का, हे सामान्य ग्राहकाला एका ठिकाणी वाचावयास मिळत नाही. त्यामुळे भारतात हा खेळ किती सुरक्षित आहे, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘मोजलेले नाही’ हेच आहे. पर्यटन संचालनालयाने प्रत्येक नोंदणीकृत ठिकाणाचा असा वार्षिक तक्ता प्रसिद्ध करावा, आणि त्यात आणखी एक रकाना असावा: हवामानामुळे किती उड्डाणे रद्द केली. ज्या व्यावसायिकाच्या या रकान्यात वर्षभर शून्य असेल, त्याच्याकडे मुलांची सहल नेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना विचार करता येईल. तो तक्ता निघेपर्यंत पैसे भरण्याच्या खिडकीपाशी विचारण्याजोगा एक प्रश्न प्रत्येकाजवळ आहे. वारा वाढला आणि उड्डाण झाले नाही, तर पैसे परत मिळतात काय, आणि हे पावतीवर लिहून देता काय?